आईच्या माळ्यावरची पानं

आमच्या घरात शिव्या सगळ्या चालत. बाबा होडीवरून आले की जे काही बोलत, त्यातल्या निम्म्याचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला. एक शब्द मात्र घरात काढायची सोय नव्हती. कुजलं. कुणी चुकून म्हटलंच, अगदी शेजारच्या कांद्याबद्दल म्हटलं तरी, आई हातातलं काम टाकून उठायची, माळ्यावर चढायची आणि एकेक थप्पीला नाक लावून हुंगून यायची. आमचं सातपाटीतलं घर सुक्या मासळीवर चालायचं. बाबांनी बोंबील आणायचे, आईने ते जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगायचे, वाळले की चुलीवरच्या माळ्यावर रचायचे आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना थोडेथोडे पालघरच्या बाजारात नेऊन विकायचे. आईचा माल कधी कुजला नव्हता. ही गोष्ट आमच्या आळीत सगळ्यांना मान्य होती, तिच्याशी बोलत नसलेल्यांनासुद्धा.

अशा घरातल्या मुलीने कुजण्याचा अभ्यास करायचं ठरवलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पालघरच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी एकदा ओहळातलं काळं पडलेलं पान उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला बघायला लावलं. त्या पानावर गाव वसलेलं होतं. बुरशीचे धागे, त्यांच्यामधून सरकणाऱ्या अळ्या, आणि कसले कसले जीव, सगळे आपापलं जेवण करत होते. मी डोळा काढायलाच तयार नव्हते, शेवटी मागच्या मुलीने ढकललं. त्या दिवसापासून मला पुढे शिकायचं होतं. याहून मोठं कारण मला कधी सांगता आलं नाही, आजही येत नाही.

सरांना ओहळांचं वेड होतं. त्यांचा प्रश्न असा, की ओहळात एकाच झाडाची पानं पडली तर ती लवकर कुजतात, की दहा झाडांची मिसळून पडली तर? पाण्यातल्या जिवांना मिसळीचं जेवण मानवतं का? तेव्हा आमच्या बाजूला जिकडे तिकडे निलगिरी लावणं चालू होतं, आणि काठावर नुसती निलगिरीच उरली तर ओहळातले जीव काय खातील, ही सरांची काळजी होती. त्यासाठी साग, ऐन, करंज, उंबर आणि निलगिरी यांची गळलेली पानं जमवायची, जाळीच्या पिशव्यांत भरायची, काही पिशव्यांत एकेक जात, काहींत मिसळ, आणि पिशव्या ओहळात बांधून ठेवायच्या. मग अधूनमधून काढून किती उरलं ते पाहायचं. प्रबंध माझा, प्रश्न सरांचा.

हे मी शिमग्याच्या आधी घरी सांगितलं. तेव्हा एक स्थळ आलेलं होतं. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता, पीत नव्हता, माझ्याशी दोनदा बोलला ते नीट बोलला. माझं त्याच्याशी काही भांडण नव्हतं. पण मासळी कुजू न देणाऱ्या घरातून उठायचं आणि मासळी कुजू न देणाऱ्या घरात जाऊन बसायचं, एवढ्यासाठी मी कॉलेजात गेले नव्हते.

“काय शिकनार म्हनतेस?” बाबांनी विचारलं.

“पानं कुजवायची. एक वर्ष.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने देवाकडे पाहिलं.

“पानं टाकली का कुजतात,” बाबा म्हणाले. “त्याला कालेज कशाला लागतं?”

ती किती वेगाने कुजतात ते पाहायचं असतं, असं मी समजावायला लागले. बाबांनी हात वर केला. ते होडीवर असेच निर्णय देत.

“आयक. फुडल्या शिमग्यापरत कुजली त फुडं शीक, मी आडवा नाय येनार. नाय कुजली त बर्फवाल्यांना हो सांगतो. ते थांबतील तवर.”

मला वाटलं, बाबांना मनातून मी शिकायलाच हवं आहे. पानं न कुजण्याची शक्यताच कुठे होती? मी आनंदाने हो म्हटलं. आई तेवढी कपाळाला आठ्या घालून बसली होती. तिच्या घरात हा शब्द इतक्या वेळा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

पानं गळतात उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि आमच्याकडचे ओहळ तेव्हा आटलेले असतात. म्हणजे पानं तेव्हा जमवायची, पावसाळाभर कोरडी ठेवायची आणि पाऊस सरला, पाणी निवळलं की ओहळात सोडायची. सातपाटीच्या दमट हवेत पावसाळाभर पान कोरडं ठेवेल अशी जगात एकच व्यक्ती मला माहीत होती. मी पाच गोणी पानं आणून आईपुढे टाकली.

“हे कुजवायचं हाय ना?” आई म्हणाली.

“हो, पण आत्ता नाही. दिवाळीनंतर.”

“मंग तवर कुजू द्यायचं नाय?”

“अजिबात नाही.”

आईने पदर खोचला आणि गोणी माळ्यावर चढवल्या. सांभाळायचं म्हटल्यावर तिला पुढचं काही विचारायचं नव्हतं. बोंबलांना ती जे करी तेच तिने पानांना केलं. उघडीप मिळाली की अंगणात पसरायची, ढग आले की उचलायची, चुलीचा धूर बेताने द्यायची. आणि माळ्यावर जागा होती तिथे, म्हणजे बोंबलांच्या थप्प्यांमध्ये नि सुकटीच्या टोपल्यांखाली, ती रचून ठेवायची. पाऊस संपला तेव्हा पानं नुसती वाजत होती.

पिशव्या आळीतल्या बायकांनी शिवल्या, जुन्या नायलॉनच्या जाळ्यांच्या. पानं भरायलाही त्याच आल्या. मी मिसळीचा ढीग करून ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. परत येते तो ढीग गायब. सागाचा साग, उंबराचा उंबर, अशा पाच नीटनेटक्या राशी लागलेल्या आणि बायका हात झटकत बसलेल्या. जाळ्यातून आलेली मासळी जन्मभर निवडलेले ते हात, मिसळलेलं काही दिसलं की थांबतच नसत. मी पुन्हा मिसळलं. माझी पाठ वळली आणि त्यांनी पुन्हा निवडलं. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्यातली एक माझ्या आईला म्हणाली, “पोर शिकली, पन शिस्त नाय लागली हिला.” शेवटी मिसळीच्या पिशव्या मी दार लावून एकटीने भरल्या.

ओहळ पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी होता. काठावर एका घराचं भाताचं लहानसं खाचर होतं, पावसावर पिकणारं. त्या घरातले बाप्ये भात काढून झालं की वीटभट्टीवर कामाला जात आणि घरची बाई मागे राही. मी पिशव्या दगडांना बांधल्या तेव्हा ती काठावर बसून बघत होती. कशासाठी बांधतेस, असं तिने विचारलं. पानं कुजवायला, असं मी सांगितलं. तिने मान हलवली. शहाण्या माणसाने वेड्याचं ऐकून घ्यावं तशी ती मान होती.

पहिल्यांदा पिशव्या काढायला गेले तर अर्ध्याअधिक रिकाम्या. दुसऱ्यांदा गेले तर काहींत नुसते देठ. पुस्तकात सागाच्या पानाला जेवढे दिवस लागतात म्हणून वाचलं होतं, त्याच्या चौथाईतच साग उडालेला. आणि सगळ्यांत आधी कोण संपलं होतं, तर निलगिरी. जिला कुणी तोंड लावत नाही म्हणून सगळा खटाटोप, ती निलगिरी त्या ओहळातलं सगळ्यांत आवडतं पक्वान्न ठरली होती. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले आणि म्हणाले, “हे फार वेगळं आहे. कुणाला बोलू नका.”

मी फक्त बाबांना बोलले. बाबा म्हणाले, “मंग झालं तर. कुजली.” त्यांनी बर्फवाल्यांना सांगायला चपला घातल्यासुद्धा. मीच त्यांना थांबवलं, म्हटलं, वजनं व्हायचीत अजून, सगळं झालं की जा. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महागडा प्रामाणिकपणा तो.

पिशव्या काढायला तिसऱ्यांदा गेले तेव्हा काठावरची ती बाई आपणहून जवळ आली. हातात टोपली, टोपलीत खेकडे वळवळताहेत.

“बाय, तुजे पिशवीला खेकडं लय येतात,” ती म्हणाली. “आनखी दोन-चार बांद ना वरच्या अंगाला.”

खेकडे पानं खातात हे मला माहीत होतं, त्यामुळे मला शंका आली नाही. उलट मी खूश होऊन सरांना सांगितलं, आणि सर खूश होऊन म्हणाले, बघा, केवढा सजीव ओहळ आहे.

आता उरलं होतं ते राखून ठेवलेली कोरडी पानं भट्टीत पूर्ण वाळवून त्यांचं वजन करणं. सुरुवातीला नक्की किती माल पाण्यात गेला ते त्यावरून काढायचं होतं. कॉलेजची वाळवायची भट्टी बंद पडलेली होती. सरांचे एक स्नेही बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, त्यांनी त्यांची भट्टी वापरायला दिली. आम्ही एस.टी.ने बोईसरला गेलो. सरांनी स्वतःच्या हाताने पानं ट्रेमध्ये पसरली, भट्टी लावली, आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो.

जेवणाची सुट्टी व्हायची होती. पहिल्यांदा एक कामगार दारात डोकावून गेला. मग दोघे आले. मग शेजारच्या सालवड गावात राहणारे चार-पाच जण डबे हातात घेऊनच आले आणि व्हरांड्यात उभे राहिले. त्यातल्या एकाने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“मॅडम, बोंबिल भून रहे हो क्या?”

“नहीं,” मी म्हटलं. “निलगिरी है.”

तो आपल्या सोबत्यांकडे वळला. “नया कुछ है. निलगिरी बोलते हैं. खुशबू बोंबिल की ही है.”

मी तिथल्या तिथे गार पडले. सर मासे खात नसत. पहिल्या दिवसापासून तो वास त्यांना येत होता, पण तो कशाचा हे ओळखायची त्यांना सोय नव्हती. तो पानांचाच आहे, असं ते धरून चालले होते. आणि मला तर तो येतच नव्हता. मी त्या वासात जन्मले, त्या वासात अभ्यास केला, माझ्या लेखी तो हवेचाच एक भाग होता. मी भट्टी उघडली, निलगिरीचं एक पान उचललं आणि ते कुणा परक्याचं आहे असं समजून हुंगलं. आईची सुकटीची टोपली त्याच गोणीवर होती.

“सर,” मी म्हटलं, “आपण खेकड्यांना बोंबील खायला घातलेत.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी हळूच विचारलं, “सगळ्यांना?”

परतीच्या एस.टी.त मी खिडकीतून बाहेर बघत रडत होते आणि शेजारची बाई मला भाजकी शेंग देत होती.

शिमगा पंधरवड्यावर आला होता. मी घरी सगळं सांगितलं आणि वाद पेटला, कारण आता प्रश्न असा होता, की पानं कुजली की नाही? बाबांचं म्हणणं, ती कुजली नाहीत, खाल्ली गेली. आळीतले दोन म्हातारे म्हणाले, पिशवीत काही उरलं नाही ना, मग कुजली. बर्फवाल्या मुलाचे काका आले, ते म्हणाले, मांजराने बोंबील पळवला तर तो कुजला असं आपण म्हणतो का? मुद्दा बिनतोड होता. मग कुणीतरी म्हणालं, मास्तरलाच आणा.

सर आले. आमच्या अंगणात टांगलेल्या बोंबलांच्या रांगांखाली त्यांना खुर्ची दिली. नाकाला रुमाल लावणं त्यांना शिष्टाचाराविरुद्ध वाटलं असावं, ते तोंडाने श्वास घेत बोलत होते. त्यांनी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, कुजणं म्हणजे खाल्लं जाणंच. बुरशी खाते, अळी खाते, खेकडा खातो. कुणी खाल्लं नाही तर पान हजार वर्षंसुद्धा तसंच राहील.

“मंग आमचं मांजर बी तुमच्या कालेजात चालेल,” आई म्हणाली.

अंगण हसलं. सरही हसले, आणि मग म्हणाले की असं असलं तरी हा प्रयोग धरता येणार नाही, माळ्यामुळे बिघडला, नव्याने करावा लागेल.

माळ्यामुळे बिघडला. आईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिच्या माळ्यामुळे आजवर काही बिघडलेलं नव्हतं. ती उठून बाबांच्या समोर उभी राहिली. “आनखी एक वरीस,” ती म्हणाली. “बर्फवाले थांबत नसतील त जाऊ दे.” बर्फवाले थांबले. इतक्या वादानंतर निकाल काय लागतो याची त्यांनाही उत्सुकता असावी.

त्या वर्षी पानं सरांनी स्वतःच्या घरी ठेवली, पालघरला, लोखंडी कपाटात, कुलूप लावून. आषाढ अर्धा झाला आणि सर एका रिक्षातून आमच्या दारात उतरले, मांडीवर गोणी, पायाशी गोणी, डोक्यावर छत्री. वरच्या पानांना पांढरी लव आली होती. खालची अजून वाचणार होती, पण एकदोन दिवसांचाच प्रश्न होता. सर दारातच उभे राहिले. “तुम्हीच काही करू शकलात तर,” ते आईला म्हणाले.

आईने वर पाहिलं. माळा बोंबलांनी भरला होता, वर्षाचा सगळा माल तिथे होता. घरात दुसरी कोरडी जागा नव्हती. दोन्ही एकत्र ठेवायची नाहीत, हे आता तिला सरांहून जास्त कळलं होतं. मी म्हटलं, “आय, राहू दे. नाही तर नाही.” तिने शिडी लावली, वर चढली आणि थप्प्या खाली द्यायला लागली. माळा तिने राख लावून घासला, गरम पाण्याने धुतला, धुराने वाळवला, आणि पानं वर चढवली. बोंबील मागच्या पडवीत गेले, प्लास्टिक पांघरून.

श्रावणात चार दिवस झड लागली. पाचव्या सकाळी मला जाग आली ती वासाने. या वेळी तो मलाही आला. पडवीत आई प्लास्टिक उचलून उभी होती. काही थप्प्या हात लावताच मऊ होऊन बसत होत्या. तिने एक बोंबील उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. शेजारच्या घरांनाही वास गेला होता. दारं उघडली, बायका पायरीवर आल्या, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांचं ते न बोलणं मला शिव्यांहून जास्त लागलं. मी आईला मिठी मारून रडायला लागले. आई मात्र रडत नव्हती. ती म्हणाली, “जा, वर बगून ये.” मी माळ्यावर चढले. पानं वाजत होती.

बाबांनी टोपल्या भरल्या आणि सगळं खाडीवर नेऊन टाकलं. जाऊन येऊन त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. त्यानंतर ते बराच वेळ दिसले नाहीत. दुपारी आले, पायरीवर बसले, पाय धुतले.

“बर्फवाल्यांना सांगून आलो,” ते म्हणाले. “नाय म्हनून.”

“अजून पानं पान्यात बी नाय गेली,” आई म्हणाली. “शिमगा कुटं झाला?”

“कुजली त शीक म्हनलो होतो,” बाबा म्हणाले, आणि रिकाम्या पडवीकडे त्यांनी बोट केलं. “या घरात कुजलं. आनखी काय कुजायचं ऱ्हायलंय?”

तेव्हा आई रडली. पदर तोंडाशी धरून, पुष्कळ वेळ. बाबा तिच्या शेजारी नुसते बसून राहिले.

त्या हिवाळ्यात ओहळातल्या पानांना बोंबलाचा वास नव्हता, आणि ती सावकाश, आपापल्या चालीने गेली. उंबर आधी गेला, मिसळीच्या पिशव्याही बऱ्यापैकी रिकाम्या झाल्या, निलगिरी हटून बसली. काठावरच्या बाईने मला दोनदा बजावलं, की यंदा तुझ्या पिशव्यांत दम नाही. सरांनी आकडे तीनतीनदा तपासले आणि प्रत्येक पिशवी आधी शिपायाला हुंगायला दिली, कारण तो मासे खाणारा होता. प्रबंध झाला. मी पुढे शिकले, शिकवायला लागले.

शेवटच्या पिशव्या काढायच्या दिवशी मी आईला सोबत नेलं. ती ओहळात गुडघाभर पाण्यात उभी राहिली, एक पिशवी उचलून तिने नाकाला लावली, माल घेताना लावते तशी. पुन्हा लावली.

“याला वास नाय,” ती म्हणाली. “मातीचा येतो जरासा.” आणि मग, “असं कुजत असंल त मंग काय वाईट नाय.”

रिकामी झालेली ती पिशवी तिने मागून घेतली. पुढे कितीतरी वर्षं ती आमच्या चुलीजवळ टांगलेली होती, लसूण ठेवायला. लसूण तिने एकदाही कुजू दिला नाही.